तांब्या, तांबी आणि भांड्यावरचं नाव

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'तांबं' एवढाच विषय छापला होता. तो वाचून आपल्यातल्या एकीनं मला फोन केला, "ताई, छपाईत काही राहिलं का?" काही राहिलेलं नाही. मी काही धातुशास्त्रातली नाही. सल्ला केंद्रात बसून बायकांच्या तक्रारी लिहून घेणं हे माझं काम. पण इतकी वर्षं तक्रारी लिहिताना काही वस्तू सारख्या पुढे येत राहिल्या. पाण्याचा हंडा, दुधाचं पातेलं, दवाखान्यात बसवलेली तांबी. एक दिवस लक्षात आलं, की ह्या सगळ्यांच्या मुळाशी एकच धातू आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील. आणि तांबीवर तर तांब्याची तारच गुंडाळलेली असते. हा धातू बाईच्या डोक्यावर असतो, हातात असतो, पोटातही जातो. त्यावर तिची सत्ता किती, एवढंच मला बोलायचं आहे.

कोल्हापुरात बोलतेय, तर सुरुवात इथूनच करते. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४०च्या दशकात तिथं काशाच्या वस्तूंचा साठा सापडला. पुढे १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षित यांनी तिथं रीतसर उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळात ह्या गावाचा थेट रोमशी व्यापारी संबंध होता, हे त्यातून जगाला कळलं. त्या साठ्यातली पॉसिडॉन ह्या समुद्रदेवाची छोटीशी मूर्ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. शाळांच्या सहली तिच्यापुढे थांबतात, पुस्तकात तिचा फोटो येतो. त्याच साठ्यात भांडीही होती, आणि एक काशाचा आरसा होता. त्यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मी एकदा आपल्या गटातल्या बायकांना तिथं घेऊन गेले होते. सगळी माहिती ऐकून झाल्यावर एक वयस्कर बाई म्हणाल्या, "द्येव ऱ्हाऊ द्या, ती भांडी कोन घासत हुतं ते लिवलंय का कुटं?"

लिहिलेलं नाही. पण त्यांचा प्रश्न बरोबर होता.

आपल्यातल्या ज्या साठीच्या पुढच्या आहेत त्यांना हे सांगायला नको. तांब्याचा बंब, हंडा, घागर, कळशी, पितळेची परात, पितळी, तपेलं, काशाच्या वाट्या. रोज चिंच, राख आणि मीठ घेऊन हात सोलेपर्यंत घासायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळं पडलेलंच, कारण हवा आणि ओल लागली की तांबं काळवंडणारच, तो त्याचा धर्म आहे. घासलेल्या भांड्यावरून सुनेची परीक्षा. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, वर भांड्याचं वजन वेगळं. आज घराघरांत जुने बंब आणि घंगाळं दिवाणखान्यात कुंड्या म्हणून ठेवतात आणि 'काय सुंदर कारागिरी' म्हणतात. कारागिरी सुंदरच आहे. तांबट पत्रा ठोकून मठारतो, त्यानं पत्र्याला नुसती नक्षी येत नाही, तो घट्टही होतो. त्या कष्टाचं मोल कमी करायचं नाही. पण स्टील आलं तेव्हा आमच्या आयांनी पितळ मोडीत घातलं ते काही परंपरेचा द्वेष म्हणून नव्हे, हाताला आराम पडला म्हणून.

आणि हे सगळं ज्यांच्या घरी भांडी होती त्यांचं. ज्यांना धातूचं भांडं वापरायचीच बंदी होती त्या बायकांचं काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या झनू गावची हकिकत दिली आहे. नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथल्या जरा बऱ्या परिस्थितीतल्या अस्पृश्य बायका धातूच्या घागरीतून पाणी आणू लागल्या. एवढ्यावरून सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. मार पडला तो बायकांना, कारण पाणी आणणाऱ्या त्याच. त्याआधी पंधरा वर्षं, १९२० च्या मार्चमध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या माणगावला शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मांडवात बसले होते, हे आपण अभिमानानं सांगतो. सांगावंच. पण घागर मातीची की पितळेची ह्यावर बाईनं मार खाल्ला, हेही त्याच इतिहासात आहे. म्हणून 'आपल्या आज्या तांब्याचं पाणी प्यायच्या' असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुणाच्या आज्या?

आता दुधाच्या पातेल्याकडे येते. हे मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण तरुण कार्यकर्त्यांना ते माहीत नाही आणि ज्यांच्या घरात घडलं त्या बोलत नाहीत.

आपल्याकडे लहान मुलांचा एक आजार होता. साधारण सहा महिने ते चार वर्षांच्या आतलं मूल किरकिरं व्हायचं, अंगात बारीक ताप, पोट वाढत जायचं, यकृत दगडासारखं टणक लागायचं, मग कावीळ, आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत मूल जायचं. डॉक्टर त्याला 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस' म्हणत. घरातले म्हणत, 'लिव्हर झालं'. एकाच घरात एकापाठोपाठ एक भावंडं जायची. मुलींपेक्षा मुलगे जास्त जायचे. आता विचार करा, घरातले दोन मुलगे पाठोपाठ गेले तर दोष कुणाला? हिच्या दुधात दोष, हिच्या कुशीत दोष, हिचा पायगुण. अशा एका बाईला मी भेटले आहे. तीन मुलं गेली, नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. म्हातारपणी ती मला एवढंच म्हणाली, "माझं दूध कडू हुतं म्हणायची सगळी."

तिच्या दुधात काही नव्हतं. ह्या मुलांच्या यकृतात तांबं भयंकर प्रमाणात साठलेलं असतं, हे डॉक्टरांना कळलं होतं, पण ते येतं कुठून? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्याबरोबर ह्यावर काम केलं. त्यांनी यकृताबरोबर स्वयंपाकघरही तपासलं. आयांना बसवून विचारलं, मुलाला वरचं दूध कधी सुरू केलं, कशात तापवलं, कशात ठेवलं. १९८३ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निबंध आला. आजारी मुलांना फार लवकर गाईम्हशीचं दूध सुरू झालेलं होतं, आणि ते पितळेच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलेलं होतं. पाण्यात तांबं फार थोडं उतरतं, पण दुधातली प्रथिनं ते ओढून धरून ठेवतात. तान्ह्या मुलाच्या यकृताला जास्तीचं तांबं बाहेर टाकणं अजून नीट जमत नसतं. आईच्या दुधात मात्र तांबं अगदी कमी असतं. म्हणजे जी कडू ठरवली गेली, तीच गोष्ट मुलाला वाचवणारी होती.

भांड्याला कल्हई असती तर तांबं दुधात इतकं उतरलं नसतं. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. भट्टी, नवसागर, आणि तापलेल्या भांड्यात कापसाचा बोळा फिरवणारा कल्हईवाला आपण पाहिलेला आहे. आंबट घातलं की कळकतं, हे बायकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ताक, आमटी कल्हईच्या भांड्यात. दूध मात्र आंबट नाही, चवीला बदलत नाही, हिरवं दिसत नाही. त्यानं धोका दिला. आणि माझं स्वतःचं एक म्हणणं आहे, ते संशोधनात नाही, अनुभवातलं आहे. कल्हईला रोख पैसे लागतात. कल्हईवाला दारात आला की बाई आत जाऊन विचारायची आणि आतून उत्तर यायचं, 'पुढच्या खेपेला बघू.' मूल सहा आठवड्यांचं असताना तिला शेतावर कुणी पाठवलं, म्हणून वरचं दूध सुरू झालं? आणि मुलगा आहे, चांगला पोसला पाहिजे, म्हणून वाटीभर दूध जास्त कुणी पाजलं? ह्या प्रश्नांची उत्तरं 'पितळ' ह्या एका शब्दात मावत नाहीत.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. ऑस्ट्रियातल्या टिरोल ह्या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ ह्या काळात १३८ तान्ही मुलं ह्याच तऱ्हेच्या आजारानं गेली. तिथंही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात दूध तयार करायची रीत होती. भांडी बदलली, आजार संपला. आपल्याकडेही डॉक्टरांनी घरोघरच्या आयांना भांडं बदलायला सांगितलं, स्टील आणि ॲल्युमिनियम स्वस्त झालं, आणि १९९०च्या दशकापर्यंत हा आजार दुर्मिळ झाला. आज बालरोगतज्ज्ञ होणाऱ्या मुलींनी तो बहुधा पुस्तकातच वाचलेला असतो. त्या म्हातारीला मी हे सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मंग त्यास्नी सांगा की आता." कुणाला सांगायचं? नवरा, सासू, दीर सगळे गेलेले.

जाता जाता, सध्या तांब्याच्या बाटल्यांचं खूळ आहे, त्याबद्दल विचारणा होते म्हणून. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे बरेचसे जंतू मरतात, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं आहे. पाणी ठेवा, खुशाल प्या. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला दोन मिलिग्रॅमची आहे. साध्या पाण्यात तेवढं सहसा उतरत नाही. पण लिंबूसरबत, ताक, दूध त्यात ठेवू नका, आणि तान्ह्या मुलाला त्यातलं काही देऊ नका.

आता तांबी. आपल्या भाषेनं ह्या वस्तूला किती घरगुती नाव दिलं बघा! तांब्या देवापुढे, तांबी गर्भाशयात. चिलीचे डॉ. झिपर यांच्या १९६९च्या सुमाराच्या प्रयोगांतून कळलं, की गर्भाशयात थोडंसं तांबं ठेवलं तर गर्भ राहत नाही, कारण तांबं शुक्रजंतूंना निकामी करतं. आज सरकारी दवाखान्यात मिळते ती ३८० क्रमांकाची तांबी. ३८० म्हणजे तिच्यावरच्या तांब्याचा पृष्ठभाग, चौरस मिलिमीटरमध्ये. दहा वर्षं चालते. रोज गोळी लक्षात ठेवायला नको, नवऱ्याची परवानगी नको, नको झाली की काढता येते. मला ही पद्धत चांगली वाटते, हे स्पष्ट सांगते, कारण आपल्यातल्या काहीजणींचा सरसकट विरोध असतो. दोन मुलींनंतर 'आता मुलगा होईपर्यंत' म्हणणाऱ्या घरात राहून, कुणाला न सांगता तांबी बसवून आलेल्या बायका माझ्या माहितीत आहेत. त्या घरात त्यांच्या हक्काचं म्हणता येईल असं तेवढंच तांबं होतं.

पण दुसरी बाजूही माझ्या वहीत आहे. बाळंतपणानंतर न विचारता बसवलेली तांबी. वर्षभर पाळी अंगावरून जास्त जाते, कंबर भरून येते, रक्त कमी, आणि कारण कळत नाही. मग दुसऱ्या कुठल्या तरी दवाखान्यात सोनोग्राफीत दिसतं. विचारायला गेलं तर 'कागदावर तुमचा अंगठा आहे'. कळा देताना घेतलेला अंगठा! आणि काढून द्या म्हटलं तर 'राहू दे की दोन वर्षं, काय बिघडतं?' बिघडतं हे, की बसवायला तिची संमती लागते आणि काढायला तिची इच्छा पुरते. त्याला कारण द्यावं लागत नाही. केस लिहून घेताना हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारत जा. विचारलं होतं का? आणि काढायला गेलीस तेव्हा काय म्हणाले?

आता शेवटी भांड्यावरच्या नावाकडे येते. लग्नात दुकानातून भांडी आणली की तिथंच नाव घालून देतात. पूर्वी छिन्नीनं टिचून टिचून ठिपक्यांची अक्षरं काढत, मग मशीन आलं. 'चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट', खाली गाव आणि तारीख. गरिबातल्या गरीब घरातही एखादी कळशी अशी असते. आपल्या आयांच्या नावाचा घराला ना सातबारा, ना रेशनकार्डावर पहिलं नाव. बाईचं नाव लिहिलेली घरातली एकमेव वस्तू म्हणजे भांडं.

पण कुठलं नाव? लग्नात ताम्हनात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. हात फिरवला की ते पुसलं जातं, आणि बाईचं जुनं नाव त्याआधीच पुसलेलं असतं. भांड्यांवर हे नवं नाव येतं, नवऱ्याच्या नावासकट. मग घर मोडलं की तोच म्हणतो, 'नाव माझं आहे, भांडी माझी.'

ताम्रपट हा शब्द आपण पक्क्या लिखाणासाठी वापरतो. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी विदर्भात वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिनं, मुलगा लहान म्हणून, स्वतः राज्य चालवलं आणि जमिनीच्या दानाचे ताम्रपट काढले. त्यातला एक पुण्यात एका तांबटाकडे मिळाला. त्या ताम्रपटांत ती गोत्र सांगते ते सासरचं नव्हे, आपल्या बापाचं, धारण गोत्र. राणी होती, तिला जमलं. पण तांब्यावर काय लिहायचं हे जिनं ठरवलं, अशी एक तरी बाई आपल्या मातीत झाली आहे, म्हणून मला ती आवडते.

स्त्रीधन परत मिळवायला आपण जातो तेव्हा काय होतं ते तुम्ही अनुभवलेलं आहे. पोलीस म्हणतात, 'भांड्याकुंड्यासाठी काय भांडताय?' त्यांना सांगायचं, १९८५ साली प्रतिभा राणी विरुद्ध सूरजकुमार ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आहे, की स्त्रीधन बाईचंच. ते सासरच्यांकडे केवळ विश्वासानं ठेवलेलं असतं, मागितल्यावर दिलं नाही तर तो फौजदारी विश्वासघात. पूर्वी तो ४०६ कलमाखाली जायचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१६ कलम लागतं. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात १९व्या कलमाखाली मॅजिस्ट्रेट स्त्रीधन परत द्यायचा हुकूम करू शकतात, आणि हा कायदा सर्व धर्मांच्या बायकांना आहे. मुसलमान घटस्फोटितेला तिच्या लग्नात मिळालेल्या वस्तूंचा हक्क १९८६च्या कायद्यानंही दिलेला आहे. आपल्या शाहू महाराजांनी १९१९ सालीच संस्थानात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता, हेही ठाण्यात सांगायला हरकत नाही. मी सांगते. साहेब जरा सावरून बसतात.

हुंडाबंदी कायद्याखाली १९८५चे नियम आहेत. लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करायची, वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि वधूवर दोघांची सही. मी आजपर्यंत अशी केलेली यादी एकदाही पाहिलेली नाही. म्हणून भांड्यावरचं नाव हीच आपली यादी.

एक केस सांगते आणि थांबते. बाई इथल्याच एका तालुक्यातली. लग्नाला सात वर्षं, मूल नाही म्हणून माहेरी धाडली. आम्ही पोलीस घेऊन भांडी आणायला गेलो. यादीत सव्वीस भांडी होती. नवऱ्यानं दुसरी आणलेली होती, ती दारात उभी. तो म्हणाला, "नाव वाचा की. हे तर हिचं नाव आहे." आणि खरंच! दुसरीचं लग्नातलं नाव त्यानं पहिलीचंच ठेवलं होतं. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच. हवालदार आमच्याकडे बघायला लागला. आमची बाई तेवढ्यात आत गेली, हंडा उचलून उजेडात आणला आणि काठाखालचं बारीक अक्षर दाखवलं. तिच्या मामाचं नाव, गाव, आणि तारीख, दुसरीच्या लग्नाच्या आठ वर्षं आधीची. दुसरी बाई काही बोलली नाही. तिनं आतून परात आणि दोन तपेली स्वतः आणून ओट्यावर ठेवली. तिचीही लग्नाची भांडी असतील, त्यांवरही तेच नाव असेल, हे माझ्या मनात आलं ते परतीच्या वाटेवर.

सव्वीसातली एकोणीस मिळाली. पुढच्या आठवड्यात ती मला घेऊन भांड्याच्या दुकानात गेली. घागर तेवढी ठेवून बाकी सगळं मोडीत घातलं. भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट भरायचं होतं. तांबं वेगळं, पितळ वेगळं तोललं. दुकानदार पावती लिहायला बसला आणि त्यानं विचारलं, "नाव काय घालू?" तिनं माहेरचं नाव सांगितलं. त्यानं भांड्यावरचं नाव वाचलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हे नाव वेगळं आहे." ती म्हणाली, "व्हय. त्ये भांड्याचं हाय."